दोन मॉनिटरवर दोन वॉलपेपर: विंडोज ११ची सोय पुरते का?

बेळगावात काय किंवा निपाणी-खानापुरात काय, लग्नपत्रिका आणि बॅनर करणाऱ्या डीटीपीवाल्यांच्या टेबलावर दोन मॉनिटर आता नवे नाहीत. एकावर कोरलड्रॉ, दुसऱ्यावर गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेला मजकूर, अर्धा मराठी, अर्धा कन्नड. अशा टेबलावर दोन वेगळे वॉलपेपर ही नुसती हौस नाही. डिझाइनच्या मागे सपाट राखाडी असला की रंग पारखताना डोळा फसत नाही. दुसऱ्यावर नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा कीबोर्ड तक्ता लावला, तर विंडोज आणि डी दाबलं की अडलेलं अक्षर लगेच सापडतं. पुन्हा तेच दाबलं की काम जागेवर.

यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यायची बहुतेकांना गरज नाही. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग बॅकग्राउंड उघडा आणि दोन्ही चित्रं एकामागून एक ब्राउझ करून घ्या. प्रत्येक चित्र आधी दोन्ही पडद्यांवर लागेल, लागू द्या. आता रीसेंट इमेजेसमधल्या छोट्या चित्रावर राइट क्लिक करून ‘सेट फॉर मॉनिटर’ निवडा आणि १ किंवा २ ठरवा. हा पर्याय दिसतच नसेल तर पडदे डुप्लिकेटवर आहेत. विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड करा. चित्र भलत्याच पडद्यावर गेलं तर दुसरा आकडा निवडायचा. सॉलिड कलर मात्र एकाच मॉनिटरला देता येत नाही, म्हणून राखाडीचंही चित्रच बनवावं लागतं: पेंटमध्ये १९२० बाय १०८०, लाल-हिरवा-निळा तिन्ही १२८.

खरी उणीव ‘चूज अ फिट’मध्ये, म्हणजे चित्र पडद्यावर कसं बसवायचं त्या पर्यायात आहे. फिल, फिट, स्ट्रेच यांतलं जे निवडाल ते दोन्ही मॉनिटरना लागतं. नव्या रुंद मॉनिटरशेजारी जुना १७ इंची चौकोनी, १२८० बाय १०२४चा असेल, तर तिथे १९२० बाय १०८०चं चित्र फिलमध्ये दोन्ही बाजूंनी मूळ मापाचे २८५-२८५ पिक्सेल गमावतं. तक्त्यातली कडेची अक्षरं जातात ती इथेच. विंडोजच्या सोयीत उपाय एकच, आणि तो पक्का आहे: प्रत्येक चित्र त्या-त्या मॉनिटरच्या नेमक्या मापात बनवा. मग एकच चित्र दोन्ही पडद्यांवर पसरवणारा ‘स्पॅन’ सोडला, तर फिट कोणताही असो, फरक पडत नाही.

बारीक अक्षरांभोवती धूसर डाग दिसले तर मॉनिटरला दोष देऊ नका. जेपीजी चित्र विंडोज ८५ टक्के दर्जावर पुन्हा कॉम्प्रेस करून ठेवतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, एचकी करंट युजर, त्यात कंट्रोल पॅनेल, त्यात डेस्कटॉप इथे ‘JPEGImportQuality’ या सलग नावाची डीवर्ड किंमत बनवून डेसिमल १०० द्या, लॉग ऑफ करून परत या आणि चित्र नव्याने लावा. सगळाच पडदा पुसट असेल तर गोष्ट वेगळी. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर हलका असला की मॉनिटरची माहिती संगणकापर्यंत पोचत नाही आणि विंडोज १०२४ बाय ७६८वर अडकतं. तिथे कन्व्हर्टरच बदलायचा.

लाईट गेल्यावर चित्रांची अदलाबदल होते, त्याचं कारण बहुधा केबल. सफाईत पोर्ट बदलले, किंवा एक मॉनिटर यूपीएसवर आणि दुसरा थेट भिंतीवर असला, की विंडोजला मॉनिटर निराळ्या क्रमाने दिसतात. दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या आणि केबलवर खूण करा.

डिस्प्लेफ्यूजन हे वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं ते वेगळ्या मापांच्या मॉनिटरसाठी. त्यात प्रत्येक पडद्याचं चित्र आणि त्याची बसवणूक दोन्ही स्वतंत्र ठरवता येतात. प्रो आवृत्तीतले जादा टास्कबार वॉलपेपरपुरते निरुपयोगी. पण हा प्रोग्राम सतत मागे चालू राहतो. ४ जीबी रॅमवर कोरलड्रॉ चालवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. लाइव्हली वॉलपेपर फुकट आहे, हलती चित्रं सुंदर दाखवतं, पण रंगाचं काम चालतं त्या टेबलावर हलतं चित्र नकोच.

विंडोज अ‍ॅक्टिव्हेट नसेल तर पर्सनलायझेशनचं पान बंदच असतं. फाइल एक्सप्लोररमधून कंट्रोल धरून दोन चित्रं निवडून ‘सेट अ‍ॅज डेस्कटॉप बॅकग्राउंड’ केलं तर लागतात, पण स्लाइड शो म्हणून. तक्ता आज डावीकडे दिसला तरी उद्या उजवीकडे सापडेल.