फोन की बटणांचा प्लेअर: कानाने वाचणाऱ्यांसाठी एक तुलना

ज्या दृष्टिहीन वाचकाला टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचे बोलून दाखवणारी सोय) असलेला फोन सफाईने वापरता येतो, त्याने पुस्तके ऐकण्यासाठी आणखी एक यंत्र विकत घ्यावे का, हा प्रश्न रास्त आहे. मी दोन्ही वापरतो, त्यामुळे पुढचे मत माझ्या सवयींपुरतेच खरे मानावे. मेजावर ठेवायचा प्लेक्सटॉक पीटीएन२ सीडी, एसडी कार्ड आणि यूएसबी या तिन्हींवरची पुस्तके वाजवतो. घरातल्या वयस्कर माणसासाठी किंवा संस्थेच्या ग्रंथालयासाठी तो सोयीचा आहे, पण प्रवास करणाऱ्याच्या कामाचा नाही. खरी निवड फोन आणि ह्युमनवेअर कंपनीचा खिशात मावणारा बटणांचा प्लेअर, व्हिक्टर रीडर स्ट्रीम, यांच्यात आहे.

फोनची बाजू भक्कम आहे. स्टोरीटेलसारख्या सेवेवर मराठी पुस्तके मुबलक आहेत, पण ती त्या सेवेच्या अॅपमध्येच ऐकावी लागतात; प्लेअरच्या कार्डावर ती उतरवता येत नाहीत. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातली बरीचशी पुस्तके ध्वनिमुद्रित नसून मजकुराच्या रूपात असतात, म्हणजे ती ऐकायला यंत्राकडे चांगला मराठी आवाज हवा. अँड्रॉइड फोनवर तो सहज मिळतो. प्लेअरमध्ये कोणकोणत्या भाषांचे आवाज दिले आहेत, हे मात्र घेण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावेच लागते. ज्यांचे वाचन मुख्यतः या दोन ठिकाणांहून येते, त्यांनी फोनवरच समाधान मानले तर मी त्यांना चूक म्हणणार नाही.

माझा कौल फिरवला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासाने. रात्री ऐकता ऐकता डोळा लागतो आणि सकाळी पुस्तक कुठल्या कुठे गेलेले असते. डोळस माणूस पडद्यावरची पट्टी बोटाने मागे ओढून मोकळा होतो. स्क्रीन रीडरवर तीच पट्टी साधारणपणे एका वेळी पाच किंवा दहा टक्क्यांनी सरकते. दहा तासांचे एकच ध्वनिमुद्रण असेल, तर पाच टक्के म्हणजे अर्धा तास आणि दहा टक्के म्हणजे पूर्ण तास. त्याहून लहान पाऊल टाकायचे तर पंधरा किंवा तीस सेकंदांचे बटण असते, ते दाबत बसावे लागते, आणि प्रत्येक दाबाला स्क्रीन रीडर बटणाचे नाव उच्चारून निवेदकाच्या आवाजावर स्वार होतो, त्यामुळे ओळखीचे वाक्य आले तरी ते ऐकू येईलच असे नाही. दोन बोटांनी दोनदा टिचकी मारून वाचन थांबवता येते, हे मला ठाऊक आहे आणि ते उपयोगी आहे. पण थांबवणे ही अडचण कधीच नव्हती, अडचण जागा सापडण्याची होती.

स्ट्रीमवर आकड्यांची खरी बटणे आहेत. दोन आणि आठ यांनी उडीचा टप्पा निवडायचा, चार आणि सहा यांनी मागे-पुढे जायचे, पाच दाबले की आपण कुठे आहोत हे कळते. एक मिनिट, पाच, दहा, तीस अशा उड्या उपलब्ध असल्यामुळे अर्ध्या तासाने मागे जाऊन पाच-पाच मिनिटांनी पुढे सरकले की हरवलेली जागा उशीवरून डोके न उचलता मिळते. झोपेपूर्वी टायमर लावला, तर शोधायचे अंतरही कमी उरते. पुस्तक डेझी या दृष्टिहीनांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या स्वरूपात असेल तर आणखी उत्तम: १९९६ पासून डेझी कन्सॉर्शियमने विकसित केलेल्या या पद्धतीत मथळ्यांचे सहा स्तर असू शकतात, त्यामुळे भाग, प्रकरण, उपप्रकरण असे थेट जाता येते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला खुणा ठेवण्याच्या सोयीसह ही रचना कादंबरीवाल्यापेक्षाही अधिक उपयोगी पडावी. फोनवरच्या डेझी अॅपमध्येही मथळ्यांवरून जाता येते, हे न सांगणे अन्यायाचे होईल. मात्र तिथेही बोट काचेवरच फिरवायचे असते, आणि काच अंधारात काय किंवा उजेडात काय, हाताला काहीच सांगत नाही.

प्लेअरच्या विरुद्ध दोन गोष्टी नोंदवायलाच हव्यात. त्याची किंमत एका चांगल्या फोनइतकी किंवा त्याहून अधिक पडते, आणि यंत्र परदेशी असल्यामुळे ते बिघडल्यास गल्लीतला फोन दुरुस्त करणारा त्याला हात लावणार नाही. म्हणून हमीच्या काळात दुरुस्ती कोण आणि कोठे करून देणार, हे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे. शक्य असेल तर अंधांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत यंत्र हाताळून पाहावे, आणि तिथे जाताना स्वतःच्या एसडी कार्डावर एक लांबलचक, प्रकरणे न पाडलेली फाइल आणि एक मराठी मजकुराची फाइल न्यावी. पहिल्या फाइलमध्ये मधलीच एखादी जागा गाठायला किती वेळ लागतो हे आधी फोनवर आणि मग प्लेअरवर पाहावे. दुसरी फाइल प्लेअरने धड वाचली नाही, तर फोन हाताशी ठेवूनच खरेदीचा विचार करावा.