लंडनच्या भरतीचे गणित अलिबागच्या किनाऱ्यावर: एका जुन्या इंग्रजी पंचांगाची प्रतिकृती

सतराव्या शतकातील इंग्रजी पंचांगाची ही खिशात मावणारी प्रतिकृती मी टपालाने मागवली आणि फेब्रुवारीचा महिनाभर अलिबागमध्ये वापरून पाहिली. साडेचारशे रुपयांत कागद जाड आणि शिलाई पक्की मिळते. अक्षरे मात्र इतकी बारीक आहेत की भिंगाशिवाय तक्ते वाचवत नाहीत.

१६०३ पासून अशी पंचांगे छापण्याचा मक्ता लंडनच्या स्टेशनर्स कंपनीकडे, म्हणजे छापणाऱ्या-विकणाऱ्यांच्या संघाकडे, होता आणि १६६० च्या दशकात त्यांच्या वर्षाकाठी सुमारे ४ लाख प्रती खपत. इतक्या लोकांना ती कशासाठी लागत असतील, हे भरतीच्या पानावर कळते. अमावास्येपासून चंद्राला जितके दिवस झाले त्यांना ४ ने गुणून ५ ने भागायचे, की चंद्र माध्यान्हीला येण्याचा तास मिळतो. त्यात ३ तास मिळवले की लंडन ब्रिजची भरती. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात, ते याच गणिताचे भावंड. लंडनचे ३ तास सोडून दिले, तर चतुर्थीला इंग्रजी रीतीने ३ वाजून १२ मिनिटे आणि आपल्या रीतीने ३ येतात. त्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास मी अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याकडे निघालो तेव्हा सुकती (ओहोटी) लागलेली होती आणि वाटेवर पाणी जेमतेम घोट्यापर्यंत होते.

तारखा मात्र जशाच्या तशा घेऊ नयेत. इंग्लंडने नवी कालगणना १७५२ मध्ये स्वीकारली, त्यामुळे सतराव्या शतकातील तारीख आजच्या हिशेबाने १० दिवस मागे असते. शिवाय यातली वेळ सूर्याची आहे, आणि फेब्रुवारीच्या मध्यात अलिबागला सौर मध्यान्ह होते तेव्हा आपल्या घड्याळात १२ वाजून ५३ मिनिटे झालेली असतात: ३९ मिनिटे रेखांशाची, १४ सूर्याच्या असमान गतीची. प्रस्तावनेत याचा उल्लेखही नाही, ही मोठी उणीव आहे.

मूळ पंचांगांत सणांचे दिवस लाल शाईत असत. येथे सगळे काळेच छापले आहे. विक्रेत्याला त्याबद्दल लिहिले, उत्तर आले नाही. शेवटी ख्रिसमस आणि मायकलमस (२९ सप्टेंबरचा संत मायकलचा सण) मीच लाल पेनने अधोरेखित करून घेतले.