पीएमएन सिसिलिया: सलग वाचता येणारा स्लॅब सेरिफ

स्लॅब सेरिफ हा टंकप्रकार 19व्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये रुजला तो प्रामुख्याने जाहिरातींसाठी. अक्षरांच्या टोकांचे जाड, चौकोनी सेरिफ, म्हणजे छोट्या आडव्या पट्ट्या, लांबून नजर वेधतात; पण त्याच जाडपणामुळे पुस्तकाचे पान काळवंडते. मोनोटाइप कंपनीचा 1934 मधील रॉकवेल हा याच प्रकारातला टंक शीर्षकात देखणा दिसतो, परंतु त्याचा कंपासने काढल्यासारखा गोल ‘ओ’ सलग मजकुरात प्रत्येक ओळीला अडथळा आणतो.

डच अक्षररचनाकार पीटर मॅथियास नोर्डझाय यांनी घडवलेला आणि लायनोटाइप कंपनीने 1990 मध्ये प्रसिद्ध केलेला पीएमएन सिसिलिया या अडचणीतून बाहेर पडतो, कारण त्याच्या अक्षरांचा सांगाडा भूमितीतून नव्हे, तर रुंद टोकाच्या लेखणीच्या वळणातून आला आहे. ‘एन’ आणि ‘एच’ यांच्या कमानी उभ्या दांड्यातून ज्या सहजतेने फुटतात, ती बोरूने कित्ता गिरवलेल्या हाताला लगेच ओळखू येईल. सेरिफ चौकोनी असले तरी रेषांच्या जाडीत किंचित चढउतार राखलेला आहे आणि अक्षरांच्या आतील पोकळ्या मोकळ्या आहेत. इटॅलिक तर विशेष दाद देण्याजोगे आहे: सरळ अक्षरे नुसती कलवून भागवण्याची या प्रकारातली जुनी सवय सोडून येथे हस्तलेखनाचे स्वतंत्र, अरुंद रूप रेखले आहे.

किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या उपकरणाच्या सुरुवातीच्या, इंचाला 167 बिंदूंच्या पडद्यावर बारीक रेषांचे टंक तुटक दिसत असत. तेथे सिसिलियाची भरीव रेषा टिकून राहिली. 2015 मध्ये बुकर्ली हा नवा टंक येईपर्यंत किंडलवाचकांसमोर मुख्यतः हाच टंक असे. साध्या कागदावरच्या लेझर छपाईतही तो 9 पॉइंटात स्वच्छ उमटतो. उत्तम कागदावर किंवा आजच्या दाट बिंदूंच्या पडद्यावर मात्र मला तो थोडा जड वाटतो, आणि रुंदीमुळे पानेही वाढतात. भित्तिपत्रकासाठी तो मुळीच घेऊ नये. तेथे रॉकवेलच हवा.

परवाना विकत घ्यावा लागतो आणि त्यात देवनागरी नाही. मराठी-इंग्रजी अहवालासाठी मी त्याच्या जोडीला ‘एक टाइप’ या टंक घडवणाऱ्या संस्थेचा, विनामूल्य मिळणारा ‘मुक्त’ हा देवनागरी टंक निवडेन, कारण दोघांच्याही रेषा जवळपास एकसारख्या जाडीच्या आहेत. फक्त ओळींमधील अंतर देवनागरीच्या मात्रा आणि उकार पाहून ठरवावे, इंग्रजी मजकूर पाहून नव्हे.