फोनिक्स: क्लास लावावा की घरीच शिकवावं?

सोलापुरात मूल केजीत गेलं की फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून इंग्रजी वाचायला शिकवण्याच्या पद्धतीचा, विषय निघतोच. आमच्या मुलीसाठी आम्ही दोन्ही वाटा धरून पाहिल्या.

क्लासेसमध्ये बहुतेक जॉली फोनिक्स हा तयार अभ्यासक्रम किंवा त्यावर बेतलेलं काहीतरी शिकवतात. त्यात ४२ ध्वनी असतात आणि प्रत्येक ध्वनीचा एक ठरलेला हावभाव. सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांनी होते, आणि तेवढ्यांत पिन, टॅप, सिट असे बरेच शब्द जुळतात. हात सापासारखा वळवत 'स्स्स' करायला मुलांना मनापासून आवडतं. घरी एकट्या मुलासोबत ती मजा येत नाही, हे मान्य.

घरी आम्ही 'लेटर्स अँड साउंड्स' वापरलं. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २००७ साली काढलेली ही फुकट पुस्तिका दिसायला रुक्ष आहे. आजच्या शाळांना ती पुरेशी नाही, असं २०२१ मध्ये त्याच खात्याने सांगितलं. वाचायची पुस्तकं आपल्यालाच शोधावी लागतात.

तरी माझा कौल घरी शिकवण्याकडे गेला, तो क्लासमधल्या एका त्रासामुळे. क्लासमध्ये 'पिन' फोडायचे 'प-इ-न' असा, प्रत्येक अक्षराला 'अ' लावून. मुलगी ते जोडायची आणि म्हणायची, 'पइन'. ध्वनी सगळे पाठ, पण शब्द काही जुळेना. आपल्याला मुळाक्षरांची सवय. अक्षर म्हटलं की 'अ' आलाच. शेजारी घरात तेलुगू बोलतात, त्यांच्या मुलाचंही तेच. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, पुढे आपोआप सुटतं. सुटत असेलही, पण आमचं सुटलं नाही.

घरी मी तिला पाय मोडलेलं अक्षर दाखवलं: प्, न्, ट्. 'स्' आणि 'म्' लांबवता येतात, तिथे अडचण नव्हती. 'प्', 'ट्', 'क्' मात्र कुजबुजल्यासारखे म्हणायला लावले, म्हणजे मागे 'अ' येत नाही. 'ब्' आणि 'ड्' मध्ये तो थोडा राहतोच, ते नुसते झटकन म्हणायचे. मग एका संध्याकाळी पाटीवर लिहिलेला 'पिन' तिने न अडखळता वाचला.

पाठांतर आणि वाचन वेगळं काढायला मी तिला अर्थ नसलेले शब्दही देतो, उदाहरणार्थ एन-आय-एस, 'निस'. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या मुलांची जी ४० शब्दांची तपासणी होते, तिच्यातही निम्मे शब्द असेच बनवलेले असतात.

दोघंही नोकरीवरून उशिरा येत असाल तर क्लासच सोयीचा. फी भरण्याआधी मात्र एक तास मागे बसू द्या म्हणावं, आणि 'पिन' कसा फोडतात तेवढं ऐकावं. 'प-इ-न' ऐकू आलं, तर निदान माझ्या अनुभवावरून तरी, रोज पंधरा-वीस मिनिटं काढून घरीच बसवलेलं बरं.