धरमपेठचा रविवारचा क्वांटम कोर्स: पैसे वसूल, पण अणूंवर अन्याय

सरळ सांगतो, पाचपैकी चार स्टार. जायचं की नाही एवढंच विचारायचं असेल तर जा, खालचं वाचलं नाही तरी चालेल. पण 'क्वांटम' म्हटलं की आजकाल काहीही खपतं, पाण्याच्या बाटलीपासून गुडघेदुखीच्या लॉकेटपर्यंत, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ६,००३.६५ कोटींचं नॅशनल क्वांटम मिशन मंजूर केल्यापासून तर क्लासवाले पण बोर्डावर तो शब्द लिहून राहिले, म्हणून आत नेमकं काय शिकवतात ते सांगून टाकतो.

क्लासचं नाव टाकत नाही, छोटी जागा आहे आणि मी खाली थोडं बोलणार पण आहे. नागपुरात शंकरनगर चौक मेट्रोला उतरलं की पायी जाता येतं, आतल्या गल्लीत वरचा मजला, खाली झेरॉक्सवाला. रविवारी सकाळी असतो, विषय प्रकाश आणि अतिथंड अणूंमधलं एंटँगलमेंट (दोन कणांची अशी क्वांटम जोडणी की एकेकट्याची अवस्था वेगळी सांगताच येत नाही) आणि कोरिलेशन (दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळणं), फी साडेतीन हजार. सर कॉलेजातून रिटायर झालेले, बोलणं एकदम वऱ्हाडी, फळा काठोकाठ भरतात आणि पुसायला विसरतात. बॅचमध्ये बी.एस्सी.चे पोट्टे, एक-दोन जेईईवाले, महालातल्या एक बँकेतून निवृत्त काकू ज्या सगळ्यात जास्त प्रश्न विचारायच्या, आणि मी, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून यूपीएस-इन्व्हर्टर दुरुस्त करणारा माणूस. गणित बारावीचं आलं तर भागतं, त्याच्या वर गेलं की सर स्वतः थांबतात.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सर एंटँगलमेंटपासून सुरूच करत नाहीत. पहिल्या दिवशी श्रॉडिंगरची मांजर नाही, आइन्स्टाइन नाही, 'दूरचे कण एकमेकांशी बोलतात' वगैरे काहीच नाही. आधी नुसतं कोरिलेशन. दोन डिटेक्टर ठेवा, दोन्हीकडचे आकडे लिहा आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवा, एकट्या कागदावर नुसता गोंधळ असतो, जे काही दिसतं ते जोडून पाहिल्यावरच. सगळा कोर्स या एका गोष्टीवर उभा आहे आणि मला विचाराल तर हा विषय असाच शिकवला पाहिजे, कारण यूट्यूबवर जे पाहून लोक येतात ना ते थेट गूढाकडे उडी मारतात आणि मोजायचं काय हेच त्यांना माहीत नसतं.

सुरुवात हॅनबरी ब्राउन आणि ट्विस या शास्त्रज्ञांच्या १९५६ च्या प्रयोगापासून. पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश अर्धपारदर्शक आरशावर पाडला, अर्धा इकडे अर्धा तिकडे, दोन्हीकडे डिटेक्टर, आणि दिसलं काय तर दोन्हीकडचे चढउतार एकमेकांशी जुळतात. तेव्हाच्या बऱ्याच फिजिक्सवाल्यांना हे पटलंच नव्हतं, एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, एकाच बाजूला जाणार तर दोघं एकाच वेळी कसे वाजतील म्हणून. पण त्याच पद्धतीनं त्यांनी व्याध ताऱ्याचा कोनीय व्यास मोजून दाखवला आणि पुढे ऑस्ट्रेलियात नॅराब्राय इथं याच तत्त्वावर ३२ ताऱ्यांचे व्यास मोजले गेले. सरांनी एक आकडा सगळ्यांकडून पाठच करून घेतला, त्याला जी-टू म्हणतात, म्हणजे दोन्ही डिटेक्टर एकदम वाजण्याची शक्यता निव्वळ योगायोगापेक्षा किती पट आहे. साध्या दिव्याच्या प्रकाशाला २, लेझरला १, आणि एकट्या अणूतून निघालेल्या प्रकाशाला ०, कारण तो एका वेळी एकच फोटॉन सोडतो आणि दुसरा तयार व्हायला वेळ लागतो. शेवटची गोष्ट किंबल, डॅगनेस आणि मँडेल यांनी १९७७ मध्ये सोडियमच्या अणूंवर दाखवली. लोक लेझरला फार भारी समजतात, पण या हिशोबात लेझर सगळ्यात नीरस निघाला. इथं भौतिकशास्त्रज्ञ ई. सी. जी. सुदर्शन यांचा विषय निघाला आणि सरांचा आवाज चढला, १९६३ मध्ये केरळच्या या माणसानं प्रकाशाच्या क्वांटम सिद्धांतात अमेरिकेच्या रॉय ग्लॉबरइतकंच मूलभूत काम केलं आणि २००५ चं नोबेल ग्लॉबरला मिळालं, यांना नाही. या विषयावर सर बराच वेळ घालवतात, मला तरी कंटाळा नाही आला.

आता डेमो. महागडं काही नाही, पण डोकं लावलेलं आहे. लाल लेझर, त्याच्या समोर कार्बोरंडम पावडरनं घासून दुधी केलेली काचेची चकती, ती जुन्या कॉम्प्युटरच्या फॅनच्या मोटरवर फिरते. दुधी काचेतून लेझर गेला की भिंतीवर दाणेदार नक्षी पडते, चकती फिरली की ते दाणे वळवळतात, आणि हा प्रकाश चढउताराच्या बाबतीत साध्या दिव्यासारखा वागायला लागतो, फक्त इतका सावकाश की साधा ऑसिलोस्कोप पण पकडतो. पुढे बीम स्प्लिटर, म्हणजे तोच अर्धपारदर्शक आरसा, आणि प्रकाश मोजणारे दोन फोटोडायोड. पहिल्यांदा लावलं तेव्हा काहीच जुळेना, जी-टू एकच्या जवळ. मग सरांनी फोटोडायोडवर काळी टेप लावली, टेपला सुईनं भोक पाडलं आणि म्हणाले आता पाहा. आकडा १.८ च्या वर गेला! कारण मोठ्या फोटोडायोडवर एकदम शेकडो दाणे पडतात, सगळ्यांची सरासरी होते आणि चढउतार पुसले जातात, भोक एका दाण्यापेक्षा लहान पाहिजे. मोटर बंद केली, काच काढली, परत १. माझ्यासारख्या सोल्डरिंगवाल्या माणसाला हे पाहून जे समाधान झालं ते कोणत्याच व्हिडिओत नाही झालं.

आणि इथंच सर मुद्द्याचं बोलले. हे जे जुळून राहिलं त्यात एंटँगलमेंट औषधालाही नाही. दोन्ही डायोडवर एकाच दाण्याचा प्रकाश पडतो, तो वाढला की दोघांकडे वाढतो, जुन्या लहरींच्या फिजिक्सनं सगळं समजतं. म्हणजे दोन गोष्टी जुळल्या एवढ्यावरून एंटँगलमेंट म्हणायचं नाही. मग म्हणायचं कधी? त्यासाठी पुढचा रविवार.

एंटँगल्ड फोटॉनचा खरा सेटअप क्लासकडे नाही, सिंगल फोटॉन डिटेक्टरच लाखांत जातात, त्यामुळे ती अपेक्षा घेऊन जाऊ नका. त्याऐवजी एका लॅबमध्ये रेकॉर्ड केलेल्या फाइल देतात, ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर बीबीओ क्रिस्टलवर, त्यातून ८१० नॅनोमीटरचे जोडीदार फोटॉन, प्रत्येकासमोर पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी गाळणी), आणि कोणता डिटेक्टर कधी वाजला त्याच्या वेळा. एक्सेलमध्ये आपणच मोजायचं. मला वाटलं होतं कंटाळवाणं होईल पण उलट झालं, पूर्ण बॅच डोकं खुपसून बसली. आधी फुकटचे योगायोग काढायचे, समजा दोन्हीकडे सेकंदाला ५०,००० वेळा वाजून राहिलं आणि 'एकदम' म्हणजे ५ नॅनोसेकंदांच्या आत असं धरलं तर निव्वळ नशिबानं सेकंदाला साडेबारा जोड्या मिळतात, त्या वजा. मग चार वेगवेगळ्या कोनांच्या जोड्या घेऊन एस नावाचा आकडा काढायचा. दोन्ही फोटॉन निघतानाच उत्तरं ठरवून खिशात घेऊन निघाले असतील आणि वाटेत एकमेकांना काही सांगत नसतील तर एस २ च्या वर जाऊच शकत नाही, हे १९६४ च्या बेलच्या कामातून येतं, आणि आम्ही वापरलेलं रूप १९६९ चं. क्वांटम मेकॅनिक्स म्हणतं २.८३ पर्यंत जाईल. आमचा २.६ च्या आसपास आला, म्हणजे २ च्या वर, आणि एंटँगलमेंट म्हणायचं ते इथं. काकूंनी दोनदा बेरीज तपासली, बँकेची सवय.

मग एक पोट्टा म्हणे, "सर, मंग तर एका क्षणात मंगळावर मेसेज जाईन ना?" सर म्हणाले, "फाइल उघड बावा आणि मलेच दाखव." एकाच बाजूचा कॉलम काढायला लावला, समोरच्याचा पोलरायझर कोणत्याही कोनावर असला तरी या बाजूची संख्या तीच, बदल शून्य, फरक दिसतो तो दोन्ही कॉलम एकत्र आणल्यावर आणि ते आणायला फोन किंवा रेडिओ लागतोच, प्रकाशाच्या वेगाच्या आतला. पोट्टा गप्प. इतका स्वच्छ खुलासा मी दुसरीकडे ऐकला नव्हता. पुढे बेलची हीच कसोटी लावणारे प्रयोग, फ्रीडमन-क्लाउजर १९७२, अ‍ॅस्पे १९८२, २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला हिऱ्यातल्या इलेक्ट्रॉनवर १.३ किलोमीटर अंतरावरून केलेला प्रयोग, २०२२ चं नोबेल, हे सगळं भरभर झालं आणि तेवढं पुरे होतं.

आता तो कापलेला स्टार. जाहिरातीत 'अतिथंड अणू' मोठ्या अक्षरात आणि प्रत्यक्षात शेवटच्या रविवारी चहानंतर जेमतेम तासभर. हा काय न्याय झाला? जे सांगितलं ते सोन्यासारखं होतं म्हणून जास्त वाईट वाटलं. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये फोटॉन मोजायची नवी पद्धत काढली, आइन्स्टाइननं तीच अणूंना लावली आणि सांगितलं की खूप थंड केले तर अणू सगळे एकाच अवस्थेत गोळा होतील (यालाच बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट म्हणतात), आणि १९९५ मध्ये कॉर्नेल आणि वायमन यांनी अमेरिकेत बोल्डरला रुबिडियमचे अणू १७० नॅनोकेल्विनपर्यंत थंड करून ते खरं करून दाखवलं. आमच्या खोलीत तेव्हा ४२ डिग्री, म्हणजे ३१५ केल्विन, सरांनी फळ्यावर भागाकार केला, ते अणू आमच्यापेक्षा जवळजवळ १८५ कोटी पट थंड. त्यानंतर जे आलं ते पहिल्या दिवसाशी थेट जोडलेलं. फ्रान्समधल्या गटानं २००५ मध्ये हीलियमच्या अणूंचा ढग सापळ्यातून सोडला आणि सुमारे अर्धा मीटर खाली ठेवलेल्या डिटेक्टरवर पडू दिला. उत्तेजित हीलियम घ्यायचं कारण प्रत्येक अणूत जवळपास २० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा साठलेली असते, त्यामुळे आपटला की एकेक अणू मोजता येतो. साधा थंड ढग असेल तर अणू घोळक्यानं पडतात, दिव्याच्या फोटॉनसारखे, आणि बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट असेल तर लेझरसारखे, घोळका गायब. २००७ मध्ये हीलियम-३ घेतलं, ते फर्मिऑन, म्हणजे एकाच अवस्थेत दोघं राहू न शकणारे कण, ते उलट एकमेकांना टाळून पडतात. वजनदार अणू आणि वागणं प्रकाशासारखं, अंगावर काटा आला.

यावर एक अख्खा रविवार पाहिजे होता. घोळक्यानं पडणं आणि अणूंचं एंटँगलमेंट यात फरक कुठं, हाच तर पहिल्या दिवशीचा प्रश्न, तो अणूंसाठी परत विचारायचा राहूनच गेला. हार्वर्डला २०१५ मध्ये चार रुबिडियम अणूंच्या रांगेची दोन जुळी रूपं एकमेकांत मिसळून एंटँगलमेंट एंट्रॉपी (एंटँगलमेंट किती आहे ते सांगणारा आकडा) मोजली होती, त्याची एक स्लाइड आली आणि गेली. अणुघड्याळासाठी अणू एंटँगल करून मोजमापातला गोंगाट कमी करतात, त्याची पण एकच ओळ. रुबिडियमच्या कोणत्याच फाइल नाहीत, मोजायला काही नाही, जे फोटॉनच्या वेळी इतकं जमलं होतं ते इथं केलंच नाही.

बाकी कुरकूर किरकोळ. कूलर लावला की सर ऐकू येत नाहीत, बंद केला की जीव जातो, आणि डेमोच्या वेळी तो बंदच ठेवावा लागतो कारण हवेनं आणि थरथरीनं ऑसिलोस्कोपवरची रेषा हलते. नोट्स हातानं लिहिलेल्या, त्यांची झेरॉक्स फिकट, उणे आणि बरोबरची खूण कळत नाही आणि एसच्या सूत्रात एकच उणे असतो, तो हरवला की सगळा हिशोब बोंबलतो. पार्किंग नाहीच, मेट्रोनं या. लॅपटॉप स्वतःचा लागतो, हे फी भरताना कोणी सांगत नाही.

जेईईचे मार्क वाढतील म्हणून पोरांना ढकलू नका, एक बाबा पहिल्याच दिवशी वेटेज विचारत होते आणि पुढच्या वेळी त्यांचा मुलगा आला नाही. बी.एस्सी.वाल्यांनी, शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्यांनी आणि हातानं काही जोडून पाहायची खाज असणाऱ्यांनी मात्र जावं. आणि सर, तुम्ही हे वाचत असाल तर पुढच्या बॅचला अणूंसाठी एक रविवार वाढवा, सोबत मोजायला फाइल द्या, फी पाचशेनं वाढवली तरी मी परत येतो आणि काकू पण येतो म्हणाल्या.