कोणत्या समुदायात काम करावं? आधी तिथले वाद कसे मिटतात ते बघा

मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टीमसाठी काम करायचं ठरवलं की लोक कोड बघतात, पॅकेजेस (इन्स्टॉल करायला तयार सॉफ्टवेअर) मोजतात. नियमांवरून वाजलं तर शेवटचा शब्द कोणाचा, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मला तोच प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो, कारण चांगली माणसं प्रकल्प सोडून जातात ती बहुतेकदा अशाच भांडणांमुळे.

लिनक्सवर आधारलेल्या डेबियनमध्ये सगळं लेखी आहे. १९९७चा सामाजिक करार, म्हणजे प्रकल्पाची मूळ तत्त्वं, आणि १९९८ची घटना. प्रकल्पप्रमुख दरवर्षी निवडून येतो, पण सर्व डेव्हलपरांचा ठराव त्याचा निर्णयही फिरवू शकतो. मतदान पसंतीक्रमाने होतं. २०१४मध्ये संगणक चालू होताना बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम म्हणून सिस्टमडी घ्यायचं की अपस्टार्ट, यावर तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार अशी कोंडी झाली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. नाराज गटाने डेवुआन नावाचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प, काढला. वाद तरीही धुमसत राहिला आणि २०१९मध्ये पुन्हा मतदान झालं: भर सिस्टमडीवर, पण पर्यायांवर काम करणाऱ्यांनाही वाव. पाच वर्षं एकाच विषयावर! दमछाक होते, हे खरं. पण हरणाऱ्याला आपण कुठे आणि का हरलो ते कळतं, आणि पुन्हा प्रस्ताव मांडायची वाट खुली असते.

याच पद्धतीने २०२२मध्ये मोठी गाठ सुटली. तोवर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये मुक्त नसलेलं फर्मवेअर (वायफाय कार्डासारखी उपकरणं चालायला लागणारं, पण खुला कोड नसलेलं सॉफ्टवेअर) नसायचं, त्यामुळे अनेक लॅपटॉपवर इन्स्टॉलेशन वायफायपाशी अडायचं आणि फर्मवेअरची फाईल वेगळ्या पेन ड्राइव्हवरून द्यावी लागायची. हे बदलायला सामाजिक करारालाच हात घालावा लागणार होता, आणि त्यासाठी तीनास एक इतकं बहुमत लागतं. ते मिळालं. २०२३च्या डेबियन १२पासून फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं. ज्या करारावर प्रकल्प उभा आहे तोही उघडपणे, मतं मोजून बदलता येतो, म्हणून माझा कल डेबियनकडे आहे.

एक अडचण मात्र आहे. मताचा अधिकार अधिकृत डेव्हलपर झाल्यावरच मिळतो, आणि ती प्रक्रिया संथ आहे. भाषांतर किंवा दस्तऐवजांचं काम करणाऱ्यांनाही तो दर्जा मिळू शकतो, हे अनेकांना ठाऊक नसतं.

फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या बीएसडी घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम. तिथे दर मुद्द्यावर मतदान होत नाही. कमिटर मंडळी, म्हणजे कोडमध्ये थेट बदल करायचा अधिकार असलेले लोक, दोन वर्षांसाठी नऊ जणांची कोअर टीम निवडतात आणि निर्णय ती घेते. काम भराभर होतं, पण अंदाज चुकला तर ठिणगी पडते. २०१८ची आचारसंहिता अनेकांना पटली नाही. २०२०मध्ये कमिटरांचा कौल घेऊन एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाच्या धर्तीवरची आटोपशीर संहिता आणली गेली. आपली माणसं निवडून द्यावीत आणि मग निवांत कोड लिहावा, असं वाटणाऱ्यांना हे मानवेल.

त्याच घराण्यातल्या ओपनबीएसडीत फार विचार करायला नको. थिओ डी राट १९९४च्या अखेरीस नेटबीएसडी या भावंड प्रकल्पातून बाहेर पडले, १९९५मध्ये त्यांनी हा प्रकल्प सुरू केला आणि आजही शेवटचा शब्द त्यांचाच. दिशा पटली तर याहून कमी कटकटीची जागा नाही. पटली नाही तर दाद मागायला दुसरं दार नाही.

निक्सओएस या लिनक्सवरच्या आणखी एका सिस्टीमचं प्रकरण ताजं आहे. प्रायोजक कोण असावेत आणि अधिकार कोणाकडे, यावरून २०२४मध्ये तिथे मोठा भडका उडाला. संस्थापक एल्को डोल्स्ट्रा फाउंडेशनच्या मंडळावरून पायउतार झाले, लिखित घटना तयार झाली आणि सात जणांची सुकाणू समिती निवडून आली. नियम घडवण्यातच रस असेल तर आत्ता जा, तुमच्या शब्दाला वजन मिळेल. फक्त पॅकेजेस सांभाळायची असतील तर आणखी एक-दोन निवडणुका होऊ द्या.