घरटी एक फॉर्म की माणसागणिक?

मंडळाच्या मदतनिधीसाठी गरजू शोधायचे, तर पद्धती दोन. कुटुंबप्रमुखाला विचारून घरटी एक फॉर्म भरायचा, नाहीतर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाशी वेगळं बोलायचं. इंदूरला परदेशीपुऱ्यात आम्ही एक वर्ष पहिली आणि पुढच्या वर्षी दुसरी पद्धत वापरली.

घरटी फॉर्म भराभर होतो. छप्पर, नळ, संडास सगळ्यांचं एकच. ते चौघांना चारदा कशाला विचारायचं? नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांकही 12 निकषांवर अख्ख्या कुटुंबालाच मोजतो. मात्र घरातल्या एकानं सहा वर्षं शाळा पुरी केली, की त्या निकषावर सगळं घर सुटतं. शाळेचं तोंड न पाहिलेली सूनही त्यातच धरली जाते.

मला सगळ्यात खटकलं ते मोबाइलचं. ‘घरात मोबाइल आहे?’ ‘आहे.’ बरोबरची खूण केली, पुढच्या घरी गेलो. शिवणवर्गासाठी निवडलेल्या एका बाईंना कळवायला त्याच नंबरवर तीनदा फोन लावला. फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा सांवेर रोडच्या कारखान्यात. निरोप पोचेपर्यंत वर्गातल्या जागा भरल्या होत्या. ‘‘दादा, मोबाइल यांच्याजवळ असतो हो,’’ त्या इतकंच म्हणाल्या. आमच्या कागदावर मात्र त्या मोबाइलवाल्या! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) बायकांनाच विचारलं होतं, तेव्हा स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या 54 टक्केच निघाल्या.

वेगळं विचारणं सोपं नाही, हे कबूल. वेळ दुपटीहून जास्त जातो. सासूबाई शेजारून उठत नाहीत. नवऱ्यानं सांगितलेला पगार आणि बायकोला ठाऊक असलेला पगार जुळत नाही. आधी मला ती चूक वाटायची, आता दोन्ही आकडे लिहून घेतो. मी विचारलं तर ‘सगळं ठीक आहे’, आमच्या ताई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या की खरं बोलणं सुरू होतं.

तुमच्याकडे माणसं कमी असतील तर घरटी फॉर्म भरा, माझी हरकत नाही. पण निदान तीन प्रश्न बाईला एकटीला विचारा. फोन दिवसा कुणाजवळ असतो? लाडली बहना या सरकारी योजनेचे पैसे तिच्या खात्यात येतात, ते काढून कोण आणतं? आणि अंगावर काढलेलं दुखणं कोणतं?